जॉन स्टुअर्ट मिल आणि सुखाचा तराजू

सन १८३५ च्या मार्च महिन्यांतील एका संध्याकाळीं लंडन शहराच्या चेल्सी भागांत थॉमस कार्लाइल ह्या लेखकाच्या घराचें दार कोणी तरी ठोठावलें. दार उघडतांच आंत आला तो त्याचा तरुण मित्र जॉन स्टुअर्ट मिल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता व तोंडांतून धड शब्द फुटत नव्हता. कार्लाइलनें फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला खंड मोठ्या कष्टानें लिहून पुरा केला होता. त्याची दुसरी प्रत नव्हती. तो त्यानें वाचावयास म्हणून मिलकडे दिला होता. आणि घरच्या मोलकरणीनें रद्दी समजून ते सारे कागद विस्तव पेटविण्यांत खर्ची घातले होते! दोनचार पानें काय तीं उरलीं. ही वार्ता चिठ्ठीनें कळवितां आली असती. परंतु मिल स्वतः आला आणि रात्रीं उशिरापर्यंत तेथेंच बसून राहिला. त्याची अवस्था पाहून ज्याचें नुकसान झालें त्या कार्लाइललाच त्याचें समाधान करावें लागलें. पुढें मिलनें भरपाई म्हणून दोनशें पौंड देऊं केले. कार्लाइल गरीब होता, तरी त्यानें शंभरच घेतले, आणि तो खंड पहिल्या ओळीपासून पुन्हां लिहून काढला.

विद्यार्थिमित्रहो, ह्या गोष्टींत नवल तें काय, असें तुम्ही म्हणाल. भल्या मनुष्यानें असेंच वागावयाचें असतें. खरें आहे. परंतु मिल हा असा मनुष्य होता कीं, त्यास लहानपणीं देवाचें नांव शिकविलें गेलें नव्हतें.  आमच्यासारख्या शाळांतून शिकविणारे आम्ही लोक नित्य सांगतों कीं, बऱ्यावाइटाचा पाया श्रद्धा हा आहे. तेव्हां ज्याच्या जीवनाला तो पाया नव्हता, त्याच्या सचोटीची इमारत कशावर उभी होती, हें आपण प्रामाणिकपणें पाहिलें पाहिजे. तें पाहण्याचें टाळणें हाहि एक प्रकारचा खोटेपणाच होय.

मिलचा जन्म २० मे १८०६ रोजीं लंडनमधील पेंटनव्हिल येथें झाला. बाप जेम्स मिल हा स्कॉटलंडमधील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. एका धनिकाच्या आश्रयानें तो शिकला, धर्मोपदेशक होण्याचा परवानाहि त्यानें मिळविला. पण पुढें जगांतील दुःख व अन्याय पाहून त्याची श्रद्धा उडाली व तो लंडनास येऊन लेखणीवर पोट भरूं लागला. हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिणारा जेम्स मिल तो हाच. तो इतिहास १८१७ सालीं निघाला. हिंदुस्थान त्यानें डोळ्यांनीं कधीं पाहिला नव्हता, आणि येथील एकहि भाषा त्यास येत नव्हती. तरी ह्या गोष्टीची लाज वाटण्याऐवजीं तो तिचें समर्थनच करीत असे.

ह्या बापानें आपल्या थोरल्या मुलाला शाळेंत न घालतां घरींच शिकविलें. तिसऱ्या वर्षीं ग्रीक, आठव्या वर्षीं लॅटिन, बाराव्या वर्षीं तर्कशास्त्र, तेराव्या वर्षीं अर्थशास्त्र! एकाच मेजाच्या एका बाजूस बाप इतिहास लिहीत बसे, दुसऱ्या बाजूस मुलगा ग्रीक वाची. ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजींत देणारा कोश त्या काळीं नव्हता. म्हणून प्रत्येक अडलेला शब्द मुलानें बापास विचारावा व मुळांत शीघ्रकोपी असलेल्या त्या बापानें लेखणी थांबवून तो सांगावा, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. सकाळीं फिरावयास जातांना मुलानें आदल्या दिवशीं वाचलेलें तोंडानें सांगावें. सुट्टी मुळींच नाहीं, कारण सुट्टीनें आळस जडतो. धाकट्या भावंडांना शिकविण्याचें कामहि आठव्या वर्षापासून त्याच्याच गळ्यांत पडलें. खेळगडी जवळजवळ नव्हतेच. चौदाव्या वर्षीं तो फ्रान्सांत जावयास निघाला, तेव्हां बापानें हाइड पार्कमध्यें फिरतांना त्यास बजावलें कीं, इतर मुलांपेक्षां तुला अधिक येतें असें तुझ्या लक्षांत येईल. परंतु त्यांत तुझी थोरवी कांहीं नाहीं, शिकविण्याचे कष्ट घेणारा बाप तुला मिळाला एवढेंच. ही एक गोष्ट सोडली, तर पालकमंडळींनीं ह्या शिक्षणक्रमाचें अनुकरण करूं नये असें मी हात जोडून सांगेन. मिलनें पुढें सबंध आत्मचरित्र लिहिलें, त्यांत बापाविषयीं पानेंच्या पानें आहेत. जन्मदात्या आईविषयीं मात्र तो जवळजवळ मुकाच आहे. त्या घरांत काय उणें होतें तें ह्यावरून समजावें.

जेम्स मिलचा मित्र व गुरु जेरेमी बेंथम ह्यानें बरेंवाईट ठरविण्याची एक रीत शोधून काढली होती. कोणतेंहि कृत्य घ्या. त्यापासून किती लोकांना किती सुख होईल व किती दुःख होईल हें मोजा. सुखाचें पारडें जड झालें तर तें कृत्य चांगलें, दुःखाचें जड झालें तर वाईट. सुखाची तीव्रता, त्याचा टिकाऊपणा, त्याची निश्चिति, त्याचें जवळ वा दूर असणें, त्यापासून आणखी सुख निपजण्याचा संभव, त्यांत दुःखाची भेसळ नसणें, आणि तें किती जणांना मिळतें हा विस्तार, अशीं सात मापें त्यानें १७८९ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलीं आहेत. राजाचें सुख आणि भिकाऱ्याचें सुख ह्यांना वजन एकच. ह्या एका नियमानें त्या काळच्या इंग्लंडांतील क्रूर कायदे, तुरुंग व वशिल्याची न्यायपद्धति ह्यांवर त्यानें असा हातोडा चालविला कीं, त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. पुष्कळांचें पुष्कळ सुख, ह्या मराठी शब्दांनीं आपण हें मत ओळखतों.

पंधरा-सोळा वर्षांच्या मिलनें बेंथमचा सिद्धांत फ्रेंच भाषांतराच्या द्वारें वाचला आणि त्यास जणूं धर्मच सांपडला. सतराव्या वर्षीं, म्हणजे १८२३ सालीं, तो बापाच्याच हाताखालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरींत कारकून म्हणून लागला. कचेरीचें काम, मित्रमंडळींत वादविवाद, वृत्तपत्रांत लेख, शिवाय बेंथमच्या विस्कळित कागदांतून पांच खंडांचा ग्रंथ तयार करणें, असा त्याचा उद्योग चालला होता. जग सुधारावयाचें, हा एकच ध्यास.

आणि १८२६ सालच्या शरदृतूंत, विसाव्या वर्षीं, त्या यंत्राची कमान तुटली. एके दिवशीं त्यानें सहज स्वतःला विचारलें कीं, ज्या ज्या सुधारणांसाठीं मी झटतों त्या सर्व ह्याच क्षणीं घडून आल्या, तर मी सुखी होईन काय? आंतून उत्तर आलें कीं, नाहीं. झालें! ज्याच्यावर सारें आयुष्य उभारलें तें कोसळलें. पुस्तकें वाचावीं तर रस नाहीं, मित्र भेटले तर आनंद नाहीं. सगळ्या जगाच्या सुखाचा हिशेब शिकलेल्या ह्या मुलाला स्वतःच्या दुःखाचें काय करावें हें कोणीं शिकविलें नव्हतें. बापाला सांगण्याची सोय नव्हती, कारण बापाचेंच शिक्षण फसलें हें त्याला कोणत्या तोंडानें सांगावें? अनेक महिने तो हें ओझें एकटाच वाहत होता, आणि कचेरींत शेजारीं बसणाऱ्यालाहि त्याचा पत्ता नव्हता.

सुटका झाली ती एका साध्या प्रसंगानें. मार्मोंतेल नांवाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी तो वाचीत होता. लेखक लहान असतां त्याचा बाप वारतो, घर रडत असतें, आणि तो पोर एकाएकीं पुढें होऊन सांगतो कीं, आतां तुम्हां सर्वांना मी बापाच्या ठिकाणीं आहें. हें वाचतांना मिलच्या डोळ्यांतून पाणी आलें. आपण दगड झालों नाहीं हें त्यास कळलें. पुढें १८२८ सालीं वर्डस्वर्थच्या कवितांनीं त्याला आधार दिला. त्या अनुभवांतून त्यानें एक गोष्ट कायमची गांठीं बांधली. ती अशी कीं, सुख हें साध्य खरें, पण त्याच्या मागें धांवणाऱ्याच्या हातीं तें लागत नाहीं; दुसऱ्याचें भलें, एखादी विद्या, एखादें काम ह्यांत जो स्वतःला विसरतो, त्याच्या वाटेवर तें आपोआप भेटतें. आमच्या शुभवर्तमानांत जीव वांचविणें व गमावणें ह्यांविषयीं जें शिक्षण आहे, त्याच्या उंबरठ्यापर्यंत हा अश्रद्ध तरुण आपल्या पायांनीं चालत आला, असें मला वाटतें.

आतां मिलच्या काळीं बरेंवाईट ठरविण्याच्या आणखी कोणत्या वाटा होत्या त्या पाहूं. त्यासाठीं एक उदाहरण घ्या. वार्षिक परीक्षा चालली आहे. तुमच्या शेजारीं एका गरीब विधवेचा मुलगा बसला आहे. तो नापास झाला तर त्याची नादारी जाईल व शाळा सुटेल. तो खुणेनें तुमची उत्तरपत्रिका पाहूं द्या म्हणतो. देखरेख करणाऱ्या मास्तरांची पाठ आहे. काय कराल?

बेंथमचा तराजू हातांत घेणारा म्हणेल कीं, त्या मुलाला व त्याच्या आईला मोठें सुख, तुमचें नुकसान शून्य, आणि कोणाला कळणार नाहीं. मग हरकत कोणती? (बेंथम स्वतः इतक्या उथळपणें हिशेब करणारा नव्हता, पण त्याच्या नांवावर असा हिशेब करणारे पुष्कळ असतात.) जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्यास विचाराल तर तो सुखदुःखाकडे पाहणारच नाहीं. जो नियम मनांत धरून तुम्ही हें करतां, तो सर्वांनीं पाळावा असें तुम्हांला म्हणतां येईल काय, एवढेंच तो विचारील. सर्वांनींच उत्तरें दाखविलीं तर परीक्षा ही वस्तूच उरत नाहीं. म्हणून हें कृत्य वर्ज्य, मग परिणाम कांहींहि होवो. कांटनें १७९७ सालीं असेंहि लिहून ठेविलें आहे कीं, मारेकरी दाराशीं येऊन लपलेल्या मित्राचा ठाव विचारूं लागला, तरी त्याच्याशींहि खोटें बोलण्याचा हक्क आपणांस नाहीं. बिशप बटलर हा इंग्रज धर्मगुरु सांगेल कीं, हिशेब कशाला, नियम कशाला? ईश्वरानें प्रत्येकाच्या अंतरांत सदसद्विवेकबुद्धि ठेविली आहे. क्षणभर शांत बसा, ती बोलेल. आणि चौथे कांहीं जण म्हणतील कीं, चोरी करूं नये अशी आज्ञा आहे, पुढें विचार नको.

मिलनें ह्या सर्वांशीं झगडा केला. केंब्रिजचे सेजविक व ह्यूएल हे पंडित अंतःकरणाच्या साक्षीचा पक्ष मांडीत. त्यांवर त्यानें कडक लेख लिहिले. त्याचें म्हणणें असें कीं, जें मला मनांतून अगदीं उघड वाटतें तें ईश्वरी सत्य, असें एकदां मानलें म्हणजे प्रत्येक जुना दुराग्रह देवाच्या गादीवर जाऊन बसतो. गुलाम ठेवणाऱ्याला गुलामगिरी उघडच न्याय्य वाटते. पुरुषाला स्त्रीचें दास्य स्वाभाविक वाटतें. आपल्या देशांत विटाळ पाळणाऱ्यांची सदसद्विवेकबुद्धि कोणत्या बाजूनें साक्ष देत आली, हें आठवलें म्हणजे मिलच्या ह्या आक्षेपाला उत्तर देणें किती कठीण आहे तें कळतें. कांटविषयीं तो म्हणे कीं, सर्वांनीं असें केलें तर काय होईल असें विचारणें म्हणजे परिणाम पाहणेंच नव्हे काय? मग परिणामांना मागल्या दारानें आंत घेण्यापेक्षां पुढल्या दारानें घ्या.

परंतु गुरूच्या तराजूचीहि त्यानें दुरुस्ती केली. ‘युटिलिटेरिॲनिझम’ हा त्याचा निबंध १८६१ सालीं मासिकांतून व १८६३ सालीं पुस्तकरूपानें आला. सुख तेवढेंच असेल तर विटीदांडू आणि काव्य सारखींच, असें बेंथमचें मत. मिलनें सांगितलें कीं, सुखांत नुसतें कमीअधिक नाहीं, उंचनीचहि आहे. पोटभर खाऊन लोळणाऱ्या डुकराच्या तृप्तीपेक्षां सॉक्रेटिसाची अतृप्ति श्रेष्ठ, आणि दोन्ही अनुभवलेला मनुष्य तीच पत्करील. दुसरें असें कीं, प्रत्येक वेळीं नवा हिशेब मांडीत बसावयाचें नाहीं. खलाशी समुद्रावर गणित करीत बसत नाहीं, पंचांग तयार करून घेऊनच निघतो. त्याप्रमाणें खरें बोलावें, वचन पाळावें, चोरी करूं नये हे नियम मानवजातीनें हजारों वर्षांच्या अनुभवानें तयार करून ठेविले आहेत. एका लबाडीनें दोघांचा फायदा दिसतो, पण माणसांचा एकमेकांवरील विश्वास झिजतो, आणि त्या विश्वासावर तर सारें सुख उभें आहे. म्हणजे परीक्षेच्या खोलींत मिलहि उत्तरपत्रिका झांकूनच घेईल. आपल्या मताचा संपूर्ण आत्मा नाझरेथच्या येशूच्या सुवर्ण नियमांत आहे, असेंहि त्यानें त्या निबंधांत स्पष्ट म्हटलें आहे.

हें उदाहरण मी एकदां वरच्या वर्गांत घातलें, तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें कीं, सर, सगळ्या पंडितांनीं मिळून त्या मुलाला उत्तर दाखवूं नका असें ठरविलें. पण त्याची शाळा सुटली तर त्याचें काय? मी त्या वेळीं निरुत्तर झालों. नंतर मला वाटलें कीं, मिलच्या पद्धतीचा खरा गुण येथेंच आहे. उत्तरपत्रिका झांकली म्हणजे कर्तव्य संपलें, असें ती म्हणूं देत नाहीं. परीक्षेपूर्वीं तीन महिने रोज संध्याकाळीं त्या मुलाबरोबर कोण बसला होता, असें ती विचारते. परंतु तिचें उणेंहि सांगितलें पाहिजे. पुष्कळांच्या सुखासाठीं एका निरपराध्याचा बळी कां देऊं नये, ह्याचें उत्तर मिलनें त्या निबंधाच्या शेवटच्या प्रकरणांत द्यावयाचा प्रयत्न केला आहे. तें मला पुरेसें वाटत नाहीं. एका मेंढरासाठीं नव्याण्णव मागें ठेवणारा मेंढपाळ ह्या तराजूंत बसत नाहीं.

त्याचें वागणें त्याच्या तर्कापेक्षां पुष्कळदां मोठें होतें. १८५१ सालीं त्यानें हॅरिएट टेलर ह्या विधवेशीं विवाह केला. विशीच्या मध्यास तिची ओळख झाली होती व वीस वर्षें त्या स्नेहाबद्दल दोघांनीं लोकांचे बोल सोसले होते. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्यानें पत्नीची मालमत्ता व देह ह्यांवर पतीला मोठा अधिकार मिळे. मिलनें लग्नापूर्वीं लेखी प्रतिज्ञा केली कीं, हे अधिकार मी अन्याय्य मानतों व कधींहि वापरणार नाहीं. १८६५ सालीं तो वेस्टमिन्स्टरतर्फे पार्लमेंटास उभा राहिला. मतांसाठीं पैसा खर्चणार नाहीं असें त्यानें आधींच सांगितलें होतें. कामकऱ्यांच्या सभेंत कोणी तरी त्याच्याच पुस्तकांतील एक वाक्य पुढें केलें. इंग्लंडचे कामकरी बहुधा खोटें बोलतात, असा त्याचा आशय होता. हें तुम्ही लिहिलें काय, असा प्रश्न आला. मिलनें एका शब्दांत होय म्हणून सांगितलें. क्षणभर शांतता, आणि मग टाळ्यांचा कडकडाट! तो निवडून आला. १८६७ सालीं स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्यानें सूचना मांडली. ७३ मतें अनुकूल व १९६ प्रतिकूल पडलीं.

त्याच सुमारास जमेका बेटांत निग्रो लोकांनीं दंगा केला. गव्हर्नर आयर ह्यानें लष्करी कायदा पुकारून चारशेंहून अधिक माणसें मारलीं व गॉर्डन नांवाच्या एका प्रतिनिधीस फांशीं दिलें. गोऱ्यांचें रक्षण झालें, पुष्कळांना सुख झालें, असा तराजू त्या वेळीं इंग्लंडांत घरोघर लागला होता. मिल मात्र गव्हर्नरावर खटला भरण्यासाठीं निघालेल्या मंडळाचा अध्यक्ष झाला. कायदा काळ्यागोऱ्यांस एकच, ह्यापलीकडे त्याला कांहीं ऐकावयाचें नव्हतें. गव्हर्नराच्या बचावासाठीं निघालेल्या मंडळाचा पुढारी कोण? तोच थॉमस कार्लाइल. मिलला धमकीचीं पत्रें आलीं, खटला उभाच राहिला नाहीं, आणि १८६८ च्या निवडणुकींत तो पडला.

हिंदुस्थानच्या बाबतींत मात्र हा न्यायाचा पुरस्कर्ता आंखडता हात घेतो, हें लपवून चालणार नाहीं. पस्तीस वर्षें त्यानें कंपनीच्या कचेरींतून इकडे जाणारे खलिते लिहिले. देशी विद्या मोडून सारा भर इंग्रजीवर देऊं नये, असा मसुदा त्यानें १८३६ सालीं केला होता व वरिष्ठांनीं तो नाकारला, एवढी गोष्ट त्याच्या बाजूची. परंतु १८५९ सालच्या स्वातंत्र्यावरील त्याच्या विख्यात ग्रंथांत तें स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांसाठीं नाहीं असें तो म्हणतो, आणि त्या समाजांत आपली गणना होती. तो ग्रंथ वाचूनच आपल्यांतील अनेकांनीं स्वातंत्र्य मागितलें, ही गंमत त्याच्या हिशेबांत नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दोन मित्र शिकत होते. आगरकरांनीं मिलपासून स्फूर्ति घेऊन सुधारणेचा झेंडा उभारला. टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या व १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत मिलचा पंथ आधिभौतिक म्हणून अपुरा ठरविला, कारण कर्त्याची बुद्धि शुद्ध आहे कीं नाहीं हें बाहेरच्या सुखाच्या मापानें कळत नाहीं.

धर्माविषयीं मिलचें एक वाक्य फार गाजलें. मॅन्सेल नांवाच्या धर्मपंडितानें लिहिलें होतें कीं, देवाचा चांगुलपणा मनुष्याच्या चांगुलपणाच्या जातीचा नाहीं, म्हणून त्याचा न्याय आपण करूं नये. मिलनें १८६५ सालीं उत्तर दिलें कीं, मनुष्यांत ज्याला मी चांगलें म्हणतों तसा जो चांगला नाहीं, त्याला मी चांगला म्हणणार नाहीं, मग त्याबद्दल मला नरकांत टाकलें तरी बेहत्तर. निंदेचा गिल्ला झाला. मला विचाराल तर सदोम नगरासाठीं अब्राहामानें देवाशीं जी रदबदली केली, ती करणारा मनुष्य हें वाक्य ऐकून रागावला नसता.

हॅरिएट १८५८ सालीं प्रवासांत फ्रान्समधील आव्हिन्यों गांवीं वारली. तिची कबर दिसेल असें एक लहान घर मिलनें तेथें विकत घेतलें, आणि जेथें ती वारली त्या खोलींतील सामान आणून तें सजविलें. वर्षांतील पुष्कळ महिने तो तेथेंच राही. किड्यांचा अभ्यास करणारा फाब्र हा गरीब शिक्षक त्याचा तेथील मित्र. फाब्रची नोकरी सुटून कुटुंब उघड्यावर पडलें, तेव्हां मिलनें त्यास तीन हजार फ्रँक उसने दिले. मे १८७३ मध्यें ह्याच मित्राबरोबर वनस्पति गोळा करीत तो सुमारें पंधरा मैल चालला, घरीं येऊन आजारी पडला, आणि थोड्याच दिवसांत वारला. पत्नीच्याच कबरींत त्यास ठेविलें.

पुढल्या वर्षीं त्याच्या सावत्र मुलीनें त्याचे धर्मावरील तीन निबंध प्रसिद्ध केले. त्यांत त्यानें ईश्वराच्या अस्तित्वाचा थोडासा संभव व परलोकाची आशा ठेवण्यास जागा मान्य केली होती, आणि आपलें जीवन ख्रिस्ताला पसंत पडेल असें जगणें ह्याहून चांगला सदाचरणाचा नियम अश्रद्धालाहि सांपडणें कठीण, असें लिहून ठेविलें होतें. त्याचा एकनिष्ठ शिष्य जॉन मोर्ले, जो पुढें हिंदुस्थानचा स्टेट सेक्रेटरी झाला, त्यास हें वाचून फार वाईट वाटलें. आणि गुरूच्या ह्या शेवटच्या निबंधांवर त्यानें जाहीर टीका केली.